हात लावून पाह्य

पहाटे 5.30

मार्गशीर्षात पांढुर्ण्याची पहाट चांगली गार असते. आमच्या घरी ओसरीपासून माजघरापर्यंत कापूस भरलेला आहे. सासरे आंघोळीआधीच ढिगाशी जाऊन बसतात. आज गाडी भरून बाजारात न्यायची आहे. ते वरवरचा कापूस पाहत नाहीत, कोपरापर्यंत हात ढिगात घालतात. वरचा थर हवेनं वाळतो, ओल आत दडलेली असते. आतला मूठभर कापूस काढून घट्ट दाबतात आणि मूठ उघडतात. कापूस फुलून वर आला तर वाळलेला, गोळा होऊन बसला तर ओला. मग एक सरकी दाताखाली धरतात. कट्ट वाजली की समाधानानं मान हलवतात.

सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत चालतो. त्यापुढे भाव कापतात, 12 टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. तिथं यंत्र लावून पाहतात. सासऱ्यांचं यंत्र त्यांच्या तळहातात आहे, आणि गाडी परत आल्याचं मला तरी आठवत नाही.

मी हातमागाची लुगडी आणि साड्या विकते. दर आठवड्याला सौसरला विणकरांकडे जायचं, तयार झालेला माल तपासायचा, पांढुर्ण्यात आणि नागपुरात गिऱ्हाइकांना पोचवायचा, हा माझा धंदा. माझा दिवस असा कापसावरच्या हातानं सुरू होतो आणि साडीवरच्या हातानं संपतो. मधला सगळा प्रवासही हातांचाच.

सकाळी 7.45

सौसरची बस. खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा आणि वेचणीला आलेली पऱ्हाटी. दव सुकल्याशिवाय बाया वेचायला लागणार नाहीत. आमचा पांढुर्णा जिल्हा 2023च्या ऑक्टोबरात झाला. त्याआधी पांढुर्णा आणि सौसर ही दोन्ही तालुक्याची गावं छिंदवाड्यात होती. त्याच्याही मागे गेलं तर हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. 1956 साली राज्यं नव्यानं आखली. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. माग एका राज्यात आणि त्याचा मोठा बाजार दुसऱ्या राज्यात, अशी वाटणी झाली. आमच्या मुलांची शाळा हिंदीत आहे. घरात, शेतात आणि मागावर मराठी आहे. धोटा, फणी, तूर, कांडी, पांजण हे शब्द माझ्या मुलाला शाळेत कुणी शिकवणार नाही. ते मागाजवळ बसल्यावरच कानावर पडतात.

मध्य प्रदेशातल्या हातमागाची गावं मोजताना लोक चंदेरी आणि महेश्वरपाशी थांबतात. जाणकार मात्र वाराशिवनीचं आणि आमच्या सौसरचंही नाव घेतात.

सकाळी 9.30

विणकरांच्या गल्लीत शिरलं की आधी आवाज येतो, खट्-खट्, खट्-खट्. पूर्वी तो घराघरातून यायचा. आता मोजक्या घरांतून येतो, म्हणून कोणत्या घरातून येतोय ते लांबूनच कळतं.

माझ्यासाठी विणणाऱ्या मामांचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पावड्या खाली, ताणा जमिनीपासून वीतभर उंचीवर. ही नुसती बसायची सोय नव्हे. मातीजवळची हवा दमट राहते आणि दमट हवेत सूत कमी तुटतं. या कोरड्या थंडीत मामी सकाळीच खड्ड्याच्या कडेनं पाण्याचा शिडकावा करून ठेवतात.

मामी चरख्यावर कांड्या भरत होत्या. उजव्या हातानं चाक फिरत होतं आणि डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीमधून सूत सरकत होतं. मामींची नजर चुलीवरच्या दुधाकडे होती, बोलणं माझ्याशी चालू होतं आणि तेवढ्यात चाक थांबलं. सुतात गाठ आली होती. ती मला नुसती दिसायलाच दोन क्षण गेले. मामींनी नखानं ती कुरतडली, टोकं पुन्हा सांधली आणि चाक फिरायला लागलं. त्यांच्या तर्जनीवर सुतानं पाडलेली एक बारीक चीर आहे. चाळीस वर्षांची वाट आहे ती.

स्टॉकहोममध्ये 2013 साली बोटांच्या संवेदनेवर एक अभ्यास झाला. पृष्ठभागावरच्या सुरकुतीची उंची अवघी 13 नॅनोमीटर असली तरी बोट फिरवल्यावर माणसाला ती कळते, असं त्यात आढळलं. कापसाचा एकेक तंतू याच्या शेकडो पट जाड असतो. म्हणजे मामींचं बोट जे करतं ते माणसाच्या बोटाच्या आवाक्यातलंच आहे. त्या बोटाला रोज काम मिळालं, एवढाच आपल्यात आणि त्यांच्यात फरक.

सकाळी 10.30

मामा मागावर आहेत. साडीचा चौथा दिवस. सुती, 80 काउंटची, रंग मधाचा, काठ गर्द जांभळा आणि काठाच्या कडेला करवतीचे बारीक दात. नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या करवती लुगड्यांत हे दात तीन धोट्यांनी, काठाचा आणि अंगाचा बाणा एकमेकांत अडकवून काढत. त्या सांध्यावर बोट नेलं की कळायचं, अंग कुठं संपलं आणि काठ कुठं सुरू झाला. मामांच्या या साडीत दात ताण्यातून उचलले आहेत. सांधा नाही, पण उठाव आहे.

80 काउंट म्हणजे काय? 840 वारांची एक लडी धरतात. अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील तितका काउंट. 80 काउंटच्या एका पौंडात 67,200 वार सूत, म्हणजे एकसष्ट किलोमीटरच्या वर. अर्धा किलोही न भरणारं हे सूत उलगडत गेलो तर सौसरहून जवळजवळ नागपूर गाठता येईल. इतक्या बारीक सुताशी डोळे किती वेळ झगडणार? मामांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. मागावर त्याचं फारसं अडत नाही.

मी पाहत राहते. पाय अनवाणी. चप्पल घालून कुणी मागावर बसत नाही. त्यामागे भक्ती आहे आणि सोयही, कारण पावडी किती खाली गेली ते तळपायाला कळावं लागतं. उजव्या हातानं दोरी ओढली की धोटा पळतो, डाव्या हातानं फणी ओढून ठोका बसतो. थोड्या थोड्या वेळानं मामा थांबतात आणि ताण्यावरून हात फिरवतात, तोही उलटा, बोटांच्या मागच्या बाजूनं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. मग लक्षात आलं की बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत, आता त्या बोटांनी गाठी मारायच्या. ताण जोखायला मागची मऊ कातडी.

"डावीकडे सैल हाय," ते म्हणाले आणि पुन्हा हात फिरवला. "पाह्य."

मी वाकून पाहिलं. सगळे धागे सारखेच दिसत होते.

"डोयानं का दिसते वं? हात लावून पाह्य."

मी हात उलटा करून फिरवला. उजवीकडे धागे हाताला वर ढकलत होते. डावीकडे, बोटभर जागेत, ते दबत होते. मामांनी मागे जाऊन तेवढे धागे ताणून बांधले. हे तसंच सोडलं असतं तर त्या पट्ट्यात साडी कायमची झोळ धरून राहिली असती. नेसणारीची निरी सरळ पडली नसती आणि तिनं आपल्याच नेसण्याला दोष दिला असता.

इंचात 60 बाणे धरले तर साडेपाच मीटरच्या साडीला जवळजवळ 13,000 वेळा धोटा फेकावा लागतो, 13,000 वेळा फणी ओढावी लागते. प्रत्येक ठोका सारखा पडला तर पोत एकसारखा येतो. ठोका किती जोरात मारायचा याचं माप कुठं लिहिलेलं नाही. ते खांद्यात आहे.

दुपारी 12.45

साडीचा हातभर भाग उरला असताना मामींनी हाक मारली. मामा उठेनात. मामी पुन्हा आल्या तेव्हा धोटा बाजूला ठेवून म्हणाले, "जेवल्यावर हात जड पडते. चार बोटं कापड घट्ट येईन, पाहजो."

ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. भाकरीवर मामींची बोटं उमटलेली होती. जेवताना बोलणं सुताच्या भावाचं आणि नातवाचं. नातू नागपुरात नोकरीला आहे. तो मागावर बसणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल कुणी त्याला बोल लावत नाही. मामा एवढंच म्हणाले की सुट्टीत आला की एकदा तरी ताण्यावरून हात फिरवून जातो. ते सांगताना त्यांचा स्वर उजळला होता.

दुपारी 2

जेवणानंतरचे पहिले ठोके मी कान देऊन ऐकले. खरंच वेगळे होते, जरा ठसठशीत. पाच-सात मिनिटांत हात मूळच्या चालीवर आला. मी तुरावर, म्हणजे कापड गुंडाळायच्या रुळावर, आलेल्या कापडावर बोट फिरवून पाहिलं. चार बोटं रुंदीची एक पट्टी होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती, बोटाला मात्र किंचित दाट लागत होती. मला माहीत होतं म्हणूनच ती सापडली.

दुपारी 3

साडी उतरली. मामांनी तिला नमस्कार केला आणि माझ्या मांडीवर ठेवली. आता माझं काम.

आधी डोळे मिटते. तळहात सपाट ठेवून कापडाच्या उलट्या बाजूनं सरकवते, कारण गाठी उलट बाजूला असतात. मग दोन्ही काठ चिमटीत धरून टोकापर्यंत ओढत नेते. हातमागावर कापडाची रुंदी धरून ठेवायला बाकदार कामटी लावतात. तिच्या टोकांच्या टाचण्यांची बारीक भोकं काठाकाठानं, थोड्या थोड्या अंतरावर लागतात. मग कापड मुठीत चुरगाळून सोडते. हातमागाचं सूत फार ताणलेलं नसतं, म्हणून कापड मुठीतून हळू उलगडतं आणि त्यात हवा असल्यासारखं वाटतं.

हे शहाणपण मी पैसे देऊन शिकले. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका व्यापाऱ्याकडून बारा साड्या हातमागाच्या म्हणून घेतल्या. रंग सुरेख, घडी सुरेख. माझ्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकीनं काठ चिमटीत धरला आणि साडी परत केली. "हे यंत्राचं आहे," एवढंच म्हणाली. बारापैकी एकही साडी हातमागाची निघाली नाही. कायद्याचं संरक्षण नाही असं नाही. 1985च्या कायद्यानं काही वाणांचं कापड हातमागासाठी राखून ठेवलं आहे, त्यात साडीही येते. 2006 साली हातमाग-चिन्ह आलं, तेही उपयोगाचं आहे. पण चिन्ह कापडाला लावलेलं असतं आणि ओळख कापडातच विणलेली असते. ज्या बाईच्या चिमटीत ती ओळख आहे, तिला फसवणं कठीण. अशा बाया कमी होत चालल्या आहेत, आणि यंत्राचं कापड हातमागाच्या भावानं खपतं ते म्हणूनच.

दुपारी 4

फोन वाजायला लागतो. पुण्याहून, इंदूरहून, "ताई, फोटो टाका." मी उजेडात साडी पसरून फोटो काढते. रंग जातो, काठ जातो, पदर जातो. पोत जात नाही. मग मी लिहायला बसते, आणि इथं मराठी माझ्या मदतीला धावून येते. तलम, दळदार, भरड, झिरझिरीत, सुळसुळीत, कुरकुरीत, खरबरीत, लिबलिबीत, मऊसूत. यातले कितीतरी शब्द उच्चारतानाच जिभेला तो स्पर्श होतो. सुळसुळीत म्हणताना जीभ घसरते, खरबरीत म्हणताना अडखळते. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांनी कापड नुसतं पाहिलेलं नव्हतं. आजच्या साडीला मी लिहिलं, "तलम, पण अंगाला चिकटणार नाही. खळ आहे, दोन धुण्यांत जाईल आणि साडी उतरत्या उन्हासारखी मऊ होईल."

नागपुरात होम सायन्सला असताना आमच्या बाईंनी एक प्रयोग करायला लावला होता. डोळे बांधून सहा कापडांवर बोट नुसतं टेकवायचं, हलवायचं नाही. सहातली दोनच ओळखता आली. मग बोट फिरवलं आणि सहाही ओळखली. डेव्हिड काट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1925 साली आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं की पोत कळायला हात हलावा लागतो. पाच वर्षांनी, 1930 साली, पीअर्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं कापडाचा 'हात' मोजण्यावर निबंध लिहिला. कापडाची पट्टी कडेवरून पुढे सरकवायची आणि ती आपल्या वजनानं किती वाकते ते मोजायचं. तलमपणाला आकडा मिळाला. गिरण्यांना त्याचा मोठा उपयोग झाला. सौसरजवळ बोरगावला 1991 साली रेमंडची लोकरी कापडाची गिरणी आली. तशा गिरण्यांतही कापडाच्या पाठीवरून बोटं फिरवून गाठी शोधणारी माणसं लागतात, सुईनं तुटका धागा भरणारी माणसं लागतात. पट्टी किती वाकली ते आकडा सांगेल. हे कापड जूनमध्ये अंगावर कसं वाटेल, हे हात सांगतो.

अहमदाबादला कॅलिको संग्रहालय आहे, 1949 साली उभं राहिलेलं. जुन्या भारतीय वस्त्रांचं इतकं मोठं धन क्वचित कुठं असेल. तिथं वस्त्रांना हात लावायचा नाही आणि ते योग्यच आहे, कारण बोटांचा घाम जुन्या धाग्याला खातो. मला एवढंच वाटतं की अशा प्रत्येक कपाटाशेजारी नव्या विणलेल्या कापडाचा एक तुकडा टांगलेला असावा, हात लावायला. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 साली 'अनुभव' नावाचं दालन झालं. तिथं डोळ्यांनी न पाहू शकणाऱ्यांसाठी शिल्पांच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत, हातानं पाहायला. शिल्पाला जे लागू आहे ते कापडाला कितीतरी जास्त लागू आहे. शिल्प लांबून पाहण्यासाठीही असतं. कापड अंगावर घ्यायलाच विणतात.

संध्याकाळी 6.30

पांढुर्ण्यात परत. घरी जाण्याआधी एक काम उरलं होतं. ही साडी मी एका निवृत्त शिक्षिकेसाठी विणून घेतली होती. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली, त्याला सहा वर्षं झाली.

"रंग तू सांग, बाकी मी पाहते," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, मधाचा, काठ जांभळा. त्यांनी घडी मांडीवर घेतली. आधी वास घेतला. खळीचा ओलसर, पिठूळ वास. मग साडी गालाला लावली. मग काठ शोधला आणि करवतीच्या दातांवरून अंगठा नेऊ लागल्या, एकेक करून, जपमाळेचे मणी ओढावेत तसा.

"माझ्या आईच्या लुगड्याचे दात मोठे होते," त्या म्हणाल्या. "मी तिला धरून झोपायची तेव्हा बोटानं मोजायची. झोप लागली की आकडा विसरायचा."

मी गप्प बसले. त्या घडीमागून घडी उलगडत गेल्या. पदर झाला, अंग झालं, आतल्या टोकाशी आल्या आणि त्यांचा तळहात थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला.

"इथं कोनी उठलं होतं का वं?"

माझ्या अंगावर काटा आला. बरोबर ती चार बोटं. मी त्याबद्दल काही बोलले नव्हते. खरं सांगायचं तर बोलायचंही नाही असं ठरवलं होतं, कारण विकणाऱ्याच्या हिशेबात तो दोषच.

"मामा जेवायला उठले होते," मी म्हणाले. "जेवल्यावर हात जड पडला. तुम्हाला नको असेल तर दुसरी आणून देते."

त्यांचा हात त्या पट्टीवरच होता. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाहीत, त्याचा दुपारचा थकवा आणि भरलं पोट त्यांच्या तळहाताखाली होतं. एका हातानं ठेवलेलं दुसऱ्या हाताला पोचलं होतं. मधे डोळ्यांचं काही कामच पडलं नव्हतं.

"दुसरी कायले?" त्या म्हणाल्या. त्यांनी साडीची घडी घातली, ती पट्टी वर येईल अशी. आणि मग, घरच्या माणसाची चौकशी करावी तसं, विचारलं,

"काय जेवले होते?"